माझ्याखाली दाबलेली बोटे

मित्रांनो, मी एक जुना दुपट्टा आहे, पण माझे म्हणणे लगेच खरे मानू नका. माझे जवळजवळ सगळे आयुष्य झाकण्यात गेले आहे. ज्याने इतके लपवले, त्याने सांगितलेले कितपत खरे धरावे, याची मला स्वतःलाच शंका वाटते. तरीही जमेल तसे सांगतो.

हातमागावरून उतरलो तेव्हा माझ्या अंगावर लाल-पांढऱ्या चौकड्या होत्या. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका दुकानातून यासीनभाईंनी मला विकत घेतले. "खांद्यावर शोभून दिसन," असे दुकानदार म्हणाला. "खांद्यावर कायले? मले हातावर टाकाले पाहिजे," यासीनभाई म्हणाले. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

यासीनभाई बकऱ्यांचे दलाल. तेल्हाऱ्याकडच्या एका गावच्या आठवडी बाजारात ते जात. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. दलाल घेणाऱ्याचा हात धरतो, हातांवर दुपट्टा टाकतो आणि घेणारा बोटे दाबून भाव सांगतो. सगळा पंजा दाबला की पाच हजार, एक बोट दाबले की एक हजार. मग दलाल तोच दुपट्टा घेऊन विकणाऱ्याकडे जातो आणि त्याच्या हातावर तो भाव पोचवतो. पैसेही दलालाच्याच हातून जातात. आजूबाजूच्यांना काही कळू नये, म्हणून ही रीत.

माझे खूप कौतुक होई. "यासीनभाईचा दुपट्टा पडला की सौदा तुटत नाही," असे लोक म्हणत. यासीनभाईंच्या घरी मला वेगळे धुवत, सावलीत वाळवत. मी मनातून फुगलो होतो.

मग एकदा मला वेगळेच जाणवले. एका हाताने सांगितलेला भाव दुसऱ्या हातापर्यंत पोचताना कमी झाला होता. आधी मी स्वतःवरच संशय घेतला. कापडाला कुठे मोजता येते? पण पुढच्या बाजारी तसेच झाले, त्याच्या पुढच्याही. दलाली तर यासीनभाई दोन्हीकडून उघड घेत. हा मधला फरक मात्र फक्त त्यांना आणि मला ठाऊक होता.

तेव्हापासून माझा कोणावर विश्वास राहिला नाही. कोणी लेकराची आण घेतली, कोणी अल्लाची कसम खाल्ली, की मी आधी त्याची बोटे पाहायचो.

यंदा हजसाठी यासीनभाईंचा नंबर लागला. जायच्या आधी ते धर्माचा सल्ला देणाऱ्या मुफ्तीसाहेबांकडे गेले. मी खांद्यावर होतो, म्हणून सगळे ऐकले. यासीनभाईंनी विचारले, "दलालीच्या वरचा जो फरक मी माझ्या हुशारीने काढला, तो मला चालतो का?"

"जनावराच्या मालकाला तो माहीत होता?" मुफ्तीसाहेबांनी विचारले.

"नाही."

"मग तो पैसा तुमचा नाही. ज्याचे जनावर, त्याचा पैसा. मालक सापडला तर त्याला परत करा. शोधूनही सापडला नाही, तर त्याच्या नावाने गरिबाला द्या. आणि ज्याला फसवले, त्याची माफी घ्या. हज केल्याने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही."

यासीनभाई हळूच म्हणाले, "काही न सांगता, एखाद्या बहाण्याने पैसे पोचवले तर?"

"पैसे पोचतील. पण मग माफी कशाची मागणार?"

खरे सांगू का, मला यासीनभाईंचा संशयच आला. हा माणूस अल्लाला भितो की लोकांना, हे मला ठरवता येईना. पण ते खरेच गावोगाव फिरले. त्यांना माणसे आठवत नसत, बकरे आठवत. काळ्या कानाचा बकरा कोणाचा, मोडक्या शिंगाचा कोणाचा, असे विचारत ते घरे शोधत. काहींनी पैसे मुकाट्याने घेतले. काही मालक सापडलेच नाहीत, त्यांचे पैसे गरिबांना दिले. शेवटी एकच बकरा उरला, कपाळावर चांदासारखा पांढरा ठिपका असलेला. तो तीन वर्षांपूर्वी विकला गेला होता. तो जवळच्याच एका खेड्यातल्या पार्बताबाईंचा होता. हजला निघायला आठ दिवस होते.

आम्ही पोचलो तेव्हा पार्बताबाई अंगणात मुगवड्या घालत होत्या. त्यांचे यजमान सहदेव निंबाखाली दावे वळत बसले होते.

"यासीनभाई, औंदा बकरा नाही. बकरीच्या दोन पाठी हायेत, त्या इकाच्या नाहीत," पार्बताबाई मान वर न करता म्हणाल्या.

"घ्याले नाही आलो बाई. द्याले आलो." यासीनभाईंनी दोन हजार रुपये ओट्यावर ठेवले. "तुमच्या चांदवाल्या बकऱ्याचे."

पार्बताबाईंनी नोटांना हात लावला नाही. "दलालानं पैसे वापस केले, असं मी तं कधी आयकलं नाही बापा. काय पाहिजे तुमाले? घरामांगची जागा?"

"काईच नाही पाहिजे."

"मंग तं लईच मोठं काम असन."

सहदेव म्हणाले, "कागदावर अंगठा-गिंठा मागसान तं आधीच सांगतो, मी सही करतो."

यासीनभाईंनी सगळे सांगितले. त्यांचे झाल्यावर पार्बताबाई म्हणाल्या, "कसं केलं ते दाखवा."

यासीनभाईंनी सहदेवांचा हात धरला आणि सवयीने मला वर टाकले. पार्बताबाईंनी मला ओढून बाजूला केले. "हे काढा. उघडं दाखवा."

मित्रांनो, ती बोटे मी पहिल्यांदा उन्हात पाहिली. "घेणाऱ्यानं मले हे देल्लं," म्हणत यासीनभाईंनी स्वतःचा पंजा तीनदा दाबला आणि एक बोट. सोळा हजार. "अन् मी सहदेवभाऊले हे देल्लं." सहदेवांचा पंजा दोनदा दाबला आणि चार बोटे. चौदा हजार.

पार्बताबाईंचा चेहरा बदलला. तेव्हा त्यांच्या बोलण्यातून मला कळले, की सगळे मलाही ठाऊक नव्हते. बकरा घेणाऱ्याने चहाच्या टपरीवर सोळा हजारांची बढाई मारली होती आणि ती पार्बताबाईंच्या कानावर आली होती. बकरा त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवला होता, पण माझ्याखाली हात गेला होता सहदेवांचा. दोन हजार नवऱ्याने दाबले, असे त्यांनी धरले. तीन वर्षे त्यांनी सहदेवांच्या हातात एक रुपया दिला नव्हता. पाहुण्यांसमोर त्या म्हणत, "यायच्या हाताले भोक हाय."

"म्या सांगतलं होतं, चौदाच भेटले," सहदेव एवढेच म्हणाले आणि पुन्हा दावे वळू लागले.

पार्बताबाईंच्या बोटांवरचे मुगाचे पीठ वाळत चालले होते. यासीनभाई खाली पाहत म्हणाले, "बाई, मी हजले चाललो. तुमी माफ केलं नाही, तं मी हे ओझं घेऊन जाईन."

"माफी काय सौदा हाय, बोट दाबलं की झाला?"

"नाही. म्हनून तं तोंडानं मांगून राहिलो."

"दोन हजार मोजून आनले तुमी. तीन वर्साचं काय?"

मुफ्तीसाहेबांना हे विचारायचे यासीनभाईंना सुचलेच नव्हते. मीही शरमेने गोळा होऊन पडलो होतो.

पार्बताबाईंनी हात धुतले. मग म्हणाल्या, "ते पैसे उचला."

यासीनभाईंचा चेहरा पडला. त्यांनी नोटा उचलल्या.

"अन् यायच्या हातात द्या."

सहदेवांनी दावे खाली ठेवले. नोटा घेतल्या, जरा वेळ तशाच हातात धरल्या, मग सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. उठून चपला घालत त्यांनी विचारले, "साखर आनाची हाय का दुकानातून?"

"आना पावभर. चहा ठेवते," पार्बताबाई म्हणाल्या.

चहा झाला. यासीनभाई मला खांद्यावर टाकून निघताना पुन्हा थांबले. पार्बताबाई म्हणाल्या, "जा तुमी हजले. माफ केलं तुमाले." मग त्यांच्या खांद्यावरून मला खाली ओढले. "पन याले नाही."

आता मी पार्बताबाईंच्या अंगणात असतो. मुगवड्यांवर धूळ बसू नये म्हणून त्या मला पसरतात. रोज सकाळी मला झटकून दोन्ही बाजूंनी पाहतात. अजून त्यांचा माझ्यावर भरवसा नाही. त्यात त्यांची चूक आहे, असे मला वाटत नाही.

मित्रांनो, एवढीच विनंती करतो. जुने कापड फेकू नका, ते कशाच्याही कामी येते. पण देण्याघेण्यावर ते टाकू नका. विकाल तेव्हा भाव तोंडाने सांगा, मालातली खोट आधी दाखवा, आणि आपला वाटा किती ते समोरच्याला कळू द्या. आणि कधी आपल्याच माणसाच्या हाताचा संशय आला, तर तीन वर्षे थांबू नका, आधी कापड उचलून पाहा. मी फार हलका आहे. पार्बताबाईंनी मला एका हाताने बाजूला केले होते.