‘मी ठीक आहे’चे बटण

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. वय विचाराल तर तुमच्यातल्या सर्वांत धाकट्याहूनही लहान. पण आमच्या कुळात म्हातारपण लवकर येते. माझ्या काचेला तडा गेला आहे, पट्टा बदलून झाला आहे आणि सकाळी पोटभर चार्ज केले तरी संध्याकाळी मला भोवळ येते. पूर्वीची घड्याळे वेळ सांगत. तशी मीही सांगतो, पण त्यासाठी मला कोणी विकत घेतलेले नाही. माणूस पडले की बोंब ठोकायची, एवढ्यासाठी माझा जन्म आहे.

कारखान्यात इतरांना चालायला शिकवतात, मला पडायला शिकवले. एका यंत्राच्या हाताला बांधून मला खुर्चीवरून पाडले, पायरीवरून पाडले, पुढून आणि मागून आपटले. पडणे कशाला म्हणतात हे मला पुरते समजल्यावर त्यांनी मला खोक्यात घातले. खोक्यावर एका बागेत हसणाऱ्या आजी-आजोबांचे चित्र होते. दोघे इतके ठणठणीत होते की त्यांना माझी गरज का पडावी, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

मग मी एका दुकानात फळीवर बसून राहिलो. एका बाजूला पाणी तापवायच्या किटल्या आणि दुसऱ्या बाजूला केस कापायची यंत्रे. धूळ खाणे हा काय प्रकार असतो, ते मी तिथे शिकलो.

एके दिवशी ती आली. केस अर्धे पिकलेले, डोळ्यांखाली काळे, खांद्यावर ऑफिसची पिशवी. ती विमा कंपनीत दावे तपासते. एखादा माणूस ‘मी पडलो’ म्हणतो, तो खरेच पडला का, हे शोधण्याचा तिला पगार मिळतो. अशा बाईला घड्याळ विकणे म्हणजे दुकानदाराची सत्त्वपरीक्षाच.

तिची आई एकटी राहत होती. महिन्यापूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि दिवसभर तशीच पडून राहिली. नळ चालू होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून पाणी ठिबकायला लागले, तेव्हा त्या तावातावाने भांडायला वर आल्या, म्हणून आईचा जीव वाचला. शेजाऱ्यांशी सलोखा असता तर काही खरे नव्हते. तेव्हापासून मुलीची झोप उडाली होती. ‘माझ्याकडे चल’ म्हणून तिने आईच्या विनवण्या केल्या. आईचे एकच उत्तर होते, “तुझ्या घरी मी पाहुणी, इथे मी मालकीण.”

दुकानात ती फोनवर परदेशातल्या धाकट्या भावाशी बोलत होती.

“ताई, ते निळं घे. पाण्याखाली पन्नास मीटर चालतं.”

“आई पाणबुडी आहे का रे? न्हाणीघरात चाललं तरी पुष्कळ.”

दुकानदाराने प्रात्यक्षिक म्हणून एक घड्याळ उशीवर टाकले. ते ढिम्म हलले नाही. “उशीवर ते पडत नाही मॅडम, झोपतं,” तो म्हणाला.

तिने ते घड्याळ मनगटावर बांधले, पिशवी त्याच्या हातात दिली आणि मित्रांनो, ती भर दुकानात फरशीवर पडली. धप्प! गिऱ्हाइके मागे सरली. घड्याळ गप्पच. ती उठली, गुडघा झटकला, दुसरे बांधले. ते तिच्या नुसत्या टाळीनेच कोकलायला लागले. मग तिने मला बांधले आणि पुन्हा अंग टाकले. मी थरथरलो. काचेवर अक्षरे उमटवली: ‘तुम्ही पडलात का?’

ती उठली नाही. फरशीवर पडल्या पडल्या ती त्या अक्षरांकडे बघत राहिली आणि तिला एकदम रडू फुटले. इतक्या दिवसांत तिला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. “हे द्या,” ती म्हणाली.

आईने मला पाहून तोंड वाकडे केले. “मी काय गाय आहे, गळ्यात घंटा बांधायला?”

“गळ्यात नाही गं, मनगटात. माझ्यासाठी घाल.”

“तुझ्यासाठी म्हणतेस, मग तूच घाल की.”

पण तिने घातले. आता माझे काम सांगतो. पडल्यासारखे वाटले की मी थरथरतो आणि प्रश्न विचारतो. खाली दोन बटणे येतात. एक ‘मदत हवी’ आणि दुसरे ‘मी ठीक आहे’. कोणी काहीच दाबले नाही, तर मी मुलीला फोन लावतो. ‘मी ठीक आहे’ दाबले, तर मी गप्प बसतो. दिलेल्या उत्तरावर विश्वास ठेवणे हा माझा धर्म. माझी निवड करताना पट्टा, बॅटरी, आवाज, पाणी, सगळ्याची चिकित्सा झाली. त्या एका बटणाविषयी मात्र कोणी अवाक्षर काढले नाही.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. आईचा जिन्यात पाय घसरला, मी फोन लावला, मुलगी धावत आली. नुसते खरचटले होते, पण खालच्या काकूंनी मला हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. “गुणाचं आहे हो! आमच्या ह्यांना ओरडून सांगितलं तरी ऐकू येत नाही.”

पुढे माझे गुण जास्तच उधळायला लागले. आईने गादी झटकली की मला ती पडल्यासारखी वाटे. तिने डब्याचे झाकण ठोकले की तेच. बटण दाबायला तिचे बोट कुठले वेळेवर पोचायला! आणि दर खेपेला मुलगी हातातले काम टाकून धावत येई. एकदा ऑफिसात ती पायाला प्लास्टर घातलेल्या माणसाची उलटतपासणी घेत होती, तेव्हा मी फोन लावला. ती जिने चढून धापा टाकत आत आली. आई हातात चप्पल घेऊन उभी होती.

“झुरळ होतं,” आई म्हणाली.

मुलगी खाली बसली. “आई, अगं, बघून दाबत जा ना ते बटण! तू झुरळ मारतेस आणि मी अख्खं ऑफिस सोडून पळत येते. साहेब माझ्या तोंडाकडे बघतात गं.”

एवढेच बोलली ती, आणि तेही हसून. आईनेही हसून चहा ठेवला. पण मला त्या मनगटाची ओळख होती. त्या दिवसापासून ते बदलले.

आईने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. तिथला पहिला धडा एकच: लाइन अडवायची नाही. हीच मुलगी पोटात असताना कळा सुरू झाल्या, तरी ती आपली कामाची पाळी संपवूनच खुर्चीतून उठली होती. आता तिच्या हिशेबी लेकीची लाइन ती अडवत होती. मी जरा थरथरलो की तिचे बोट टपकन येई: ‘मी ठीक आहे’. गादी झटकायच्या आधीच ते तयारीत असे. डोळे माझ्याकडे वळायचेही नाहीत.

आणि मग ती खरोखर पडली.

स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढून ती वळली, तेव्हा स्टुलाच्या पायात तिचा पाय अडकला. ती कंबरेवर आपटली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला. मित्रांनो, कारखान्यात मला शेकडो वेळा पाडले, पण माणसाचे पडणे असे असते हे तिथे कोणी सांगितले नव्हते. मी सगळे बळ एकवटून थरथरलो. ‘तुम्ही पडलात का?’

तिचे बोट आले. सवयीचे, शहाणे, आज्ञाधारक बोट. ‘मी ठीक आहे’.

मी गप्प बसलो. मला तसेच घडवले आहे.

तिने उठायचा प्रयत्न केला आणि ओठ दातांत धरला. पुन्हा केला. मग ती माझ्याशी बोलली, “थांब जरा. होईल बरं. तिची आज मोठी बैठक आहे.” माझ्या कडेला एक बटण आहे, ते दाबून धरले की थेट मुलीला फोन लागतो. तिचे बोट तिथे गेले, थबकले, परत आले. दाब ना गं, दाब, मी आतल्या आत ओरडत होतो. फ्रिजखाली तिला एक चमचा दिसला. “अगोबाई, इथे होतास होय!” ती म्हणाली. तो चमचाही तिला काढता येईना.

दुपारी मुलीचा रोजचा फोन आला. माझ्यातूनच आला.

“जेवलीस का गं?”

“हो, मघाशीच.”

“आवाज का असा?”

“आत्ताच डोळा लागला होता.”

“ठीक आहेस ना?”

“ठीक आहे.”

“बरं, ठेवते. माणसं बसलीयत.”

ते खोटे मी इमानेइतबारे पोचवले. एक अक्षर गाळले नाही. माझ्या कुळातली सारी हुशारी माझ्यात होती आणि मला ‘नाही, ती ठीक नाही’ एवढेसुद्धा म्हणता येत नव्हते.

थोड्या वेळाने जिन्यात पावले वाजली. खालच्या काकू गच्चीवर कपडे वाळत घालायला चालल्या होत्या. आईने हाक मारली. आवाज जेमतेम ओट्यापर्यंत पोचला. पावले वर गेली, खाली आली, दार लागले. आता ती घाबरली. एक पाय गार पडत चालला होता. तिने डोळे मिटले आणि माझ्या कडेचे बटण दाबून धरले.

“काय गं आई? आत्ताच तर बोललो.”

आईने पदर तोंडाला लावला.

“आई? बोल ना.”

“मघाशी मी खोटं बोलले, चिमणे.”

“म्हणजे?”

“मी जमिनीवर आहे. सकाळपासून. उठता येत नाहीये मला.” मग घाईघाईने ती म्हणाली, “पण तू... तुझी बैठक संपली की ये.”

पलीकडून एक खुर्ची उलटल्याचा आवाज आला.

कंबरेचे हाड मोडले होते. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. आई आता आपल्याच घरी वॉकरची चौकट धरून चालते आणि ती चालताना मुलगी श्वास रोखून बसते. रुग्णालयाच्या बाकावरून मुलीने माझ्या कंपनीला फोन केला होता. “तुमचं घड्याळ बोंबललं का नाही?” पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, “मॅडम, आमच्याकडच्या माहितीप्रमाणे तुमच्या मातोश्री ठीक होत्या.” मुलीने फोन ठेवला. असली वाक्ये ती स्वतः लोकांना ऐकवत आली होती.

तिने मला फेकून दिले नाही. आईच्या मनगटावर पुन्हा बांधले, पण आता माझ्याकडे ती विश्वासाने बघत नाही. फोनवर ‘ठीक आहेस ना?’ हे विचारणे तिने सोडले. आता विचारते, “कुठे बसलीस? समोर काय दिसतंय?”

“खुर्चीत. समोरच्या इमारतीला रंग लावतायत.”

“खरं?”

“खरंच गं. पडले तर आधी तुलाच सांगेन.”

बहुतेक वेळा ते खरे असते. काल मात्र ती खुर्चीत नव्हती. पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून ती उभी होती आणि माझ्याखाली तिची नाडी सैरावैरा धावत होती. “खुर्चीत आहे,” ती म्हणाली. “शहाणी गं माझी,” मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला.

ती पडली नव्हती, म्हणून मी काही बोललो नाही. पडल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, अशी माझी घडण आहे. ती मोडून आज तुमच्यापुढे बोललो, मित्रांनो, कारण दुसरा उपाय सुचेना. तुमच्या घरचे कोणी एकटे राहत असेल, तर माझ्यासारखे घड्याळ जरूर घ्या, पारखून घ्या, हवे तर दुकानात पडून बघा. पण फोनवर ‘ठीक आहे’ ऐकू आले की तेवढ्यावर थांबू नका. पायांत चपला घाला आणि बघून या. आत्ता उठलात तरी चालेल. माझी गोष्ट संपली आहे.