कमरेला लागलेली रेघ

शिंप्याच्या मुलीला गावभर बटण म्हणत. चेहरा गोल, आणि एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की तोडल्याशिवाय निघायची नाही.

पुराला वर्ष झालं. पाणी कुठवर चढलं होतं ते पुढच्यांना कळावं, असं गावाने ठरवलं. पेंटरकाकांनी भिंतींवरचे गाळाचे डाग हेरून निळी रेघ ओढली, शाळेपासून थेट बाबांच्या दुकानापर्यंत. तिथे ती बाबांच्या कमरेला लागली.

"एवढंच?" समोरचे सलूनकाका म्हणाले. त्यांच्या जिभेला हाड नव्हतंच. "कमरेएवढ्या पाण्यातून म्हातारीला काढता आलं नाही होय, शिंपीबुवा?"

म्हातारी म्हणजे बटणची आजी. बाबा तिला दुकानातून बाहेर काढत होते. रस्त्यावर उतरताच पाण्याने दोघांना ओढलं. बाबांनी एका हाताने खिडकीचा गज धरला, दुसऱ्यात आजीचा हात होता. तो सुटला.

रात्री जेवताना बाबा बटणला म्हणाले, "कमरेएवढंच असेल गं. मीच घाबरलो असेन."

बटणला ते पटेना. डाग खोटा नाही, बाबाही खोटे नाहीत. मग चुकलं कुठे? दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन ती रस्त्यावरून एक पाऊल टाकून दुकानात शिरली आणि थबकली. इथे तर पाच पायऱ्या होत्या! गाळ कोण उपसणार, म्हणून गावाने त्याच्यावरच मुरूम ओतून रस्ता केला होता. पायऱ्या खाली गाडल्या गेल्या, आणि वर्षभरात सगळे विसरूनही गेले.

तिने दप्तर फेकलं आणि भिंतीलगत कुदळ घातली.

"काय बटण, खजिना सापडला का?" सलूनकाकांनी विचारलं.

"पायरी सापडली, काका. दुसरी."

काकांचं हसू तोंडातच राहिलं. थोड्या वेळाने ते टोपलं घेऊन आले.

संध्याकाळी पाचवी पायरी लागली, तेव्हा बाबा स्वतःच खड्ड्यात उतरले. निळी रेघ त्यांच्या डोक्यावर वीतभर राहिली. त्यांनी मान वर करून रेघेकडे पाहिलं. डावा हात आपोआप वर गेला आणि खिडकीचा गज धरला. उजवा बाजूला उघडाच राहिला.

सलूनकाका टोपलं खाली ठेवून दुसरीकडे बघू लागले. बराच वेळ बाबांना कुणी वर या म्हणालं नाही.