ललिताच्या मापाची मूठ

मित्रांनो, दचकू नका. हल्ली कोयता म्हटलं की माणसं दोन पावलं मागं सरतात. मी तसल्या बातम्यांतला नव्हे. मी गोठ्यातला म्हातारा कोयता आहे. उसाच्या हिरव्या शेंड्याला आमच्याकडे वाढं म्हणतात, ते गुरांसाठी तोडायचं एवढंच माझं काम. जन्मभरात त्याशिवाय तोडल्या त्या बाभळीच्या फांद्या, आणि एकदा चुकून घरातल्या धाकट्या रुद्रच्या पतंगाची दोरी. तेव्हा त्यानं दिवसभर माझ्याशी अबोला धरला होता.

माझा जन्म शिरूरच्या आठवडे बाजारातला. एका मोडीत निघालेल्या ट्रकचा पाटा, म्हणजे चाकावरची पोलादी पट्टी, दगडोबा घिसाड्यानं भट्टीत लालबुंद केला. तो मला पकडीत धरायचा आणि त्याची बायको अनसाबाई वरून घण घालायची. बाई कसली, वाघीण होती! तिच्या एकेका घावासरशी माझी पाठ वाकत गेली आणि मला आकार आला.

समोर एक तरुण बाई उभी होती. पोटुशी होती. नाव ललिता. ती दगडोबाला म्हणाली, "मामा, मूठ माझ्या हाताच्या मापाची घाला. मालकाच्या न्हाई. ते कंपनीत जात्यात, गुरं मला बघायची हायेत." दगडोबा हसला, पण त्यानं तिचा पंजा बघून बाभळीची बारीक मूठ बसवली. असा मी ललिताच्या हाताची वस्तू झालो.

दोन महिन्यांनी तिला मुलगा झाला, सत्यजीत. पाचवीच्या पूजेला सासूनं मला धुऊन पुसून बाळाच्या उशाशी ठेवलं, लेकराला कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून. इतकं मऊ काही मी तोपर्यंत पाहिलंच नव्हतं. सहा वर्षांनी रुद्र आला, तेव्हाही उशाला मीच.

ते दिवस कामाचे होते, आणि सांगायला संकोच कशाला, सुखाचेही होते. दत्ता, म्हणजे ललिताचा नवरा, रांजणगावच्या कंपनीत पाळीला गेला की ललिता गोठ्यात बसायची. ओंडक्यावर वाढं धरायची आणि मला चालवायची. आणि बोलायची! माणसाशी बोलली नसेल एवढं ती माझ्याशी बोलली. "अनसाबाईनं तुला मारून मारून सरळ केलं बाबा. लोखंडाला ते चालतं. लेकरांना हाणलं की ती वाकडीच जात्यात." मग स्वतःशीच म्हणायची, "पर काल मी हाणलंच की सत्याला. हात आवरला न्हाई बघ." आणि डोळे पुसायची.

दोन्ही पोरांना तिनं एक नियम घालून दिला होता. कोयता कधी हातातून हातात द्यायचा नाही. खाली जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातात दिला की भांडण होतं, असं ती तिच्या आईकडून शिकली होती. सत्यजीत पाच वर्षांचा असताना मला दोन्ही हातांनी उचलून आणायचा आणि आईसमोर अगदी देव ठेवावा तसा ठेवायचा. खंडेनवमीला मला झेंडूची माळ पडायची आणि ती दोन्ही कार्टी माझ्या पाया पडायची. तेव्हा माझा रुबाब बघायचा होता!

पुढं कुट्टीचं मशीन आलं. बटण दाबलं की चाऱ्याचा भुगा. मी भिंतीवरच्या खुंटीला लटकलो आणि गंजत गेलो. मला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की मशीनच्या घरघरीत ललिताला बोलता येईना.

आणि बोलण्यासारखं तर तेव्हाच फार होतं. पोरं भराभर वाढत होती. सत्यजीतचे शर्ट त्याला वर्षभरात अपुरे व्हायचे आणि ललिता ते गोठ्यातल्या कामाला साडीवर घालायची. आमच्याकडे सगळ्याच बायका असं करतात. एकदा मशीन बंद करून ती एवढंच म्हणाली, "आधी माझ्या पदराआड लपायचा. आता मी त्याच्या शर्टात मावते. आन् तो घरात असून घावत न्हाई." काही विचारलं की सत्यजीतचं उत्तर एकच असायचं, "काय न्हाई." तरी पहाटे उठून तो पोलीस भरतीसाठी पळायचा आणि ललिता बांधावर मोबाइल घेऊन वेळ लावायची. तेवढी अर्धी घटका तिचा मुलगा तिचा असायचा. त्या भरतीवर तिनं सगळा जीव टांगला होता.

मित्रांनो, आता त्या रविवारचं ऐका. सांगतानाही माझं पातं थरथरतं.

भर दुपारी सत्यजीत एकटा गोठ्यात आला. त्यानं मला खुंटीवरून काढलं, पॉलिश पेपरनं घासलं. मला वाटलं, दसरा जवळ आला वाटतं! मी हुरळलो. पण त्यानं मला पोत्यात गुंडाळलं आणि पाठीमागं शर्टाखाली खोचलं. बाहेर पडताना रुद्र समोर आला. "आईला बोललास तर बघ," सत्यजीत म्हणाला, आणि माझं सगळं अवसान गळालं.

फाट्यावर वीसेक पोरं जमली होती. गावातल्या म्हस्कूचा वाढदिवस होता. आजोबांचं जुनं नाव नातवाला मिळालं होतं आणि त्यापुढं त्यानं स्वतःच 'भाई' जोडलं होतं. मोटरसायकलच्या सीटवर केक होता. तो कोयत्यानं कापायचा, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि गावभर फिरवायचा, असा बेत. शेजारच्या गावात असाच व्हिडिओ फिरला होता. दुसऱ्या दिवशी पोलीस घरी आले, पोरांवर गुन्हा नोंदला, आणि त्यातल्या एकाचं भरतीचं स्वप्न तिथंच संपलं. हे सत्यजीतला ठाऊक होतं. महिन्यापूर्वीच त्याला अठरा पूर्ण झाली होती. पण चारचौघांत 'भ्यालास का?' असं कुणी विचारलं की भल्याभल्यांची अक्कल पेंड खाते.

"आण रं सामान," म्हस्कूनं हात पुढं केला. एकानं मोबाइल रोखला.

सत्यजीतनं मला पोत्यातून काढलं. आणि लहानपणीची सवय बघा! तो खाली वाकला आणि त्यानं मला जमिनीवर ठेवलं.

पोरं खो खो हसली. "पूजा घालतो का काय?"

"हातातनं हातात देत न्हाईत," सत्यजीत पुटपुटला. "भांडणं व्हत्यात."

"मी खाली वाकू व्हय? भाई हाय मी!" म्हस्कू भडकला. "उचल आन् हातात दे."

सत्यजीतचा हात माझ्याकडे आला. कपाळावरचा घाम माझ्या पात्यावर पडला. मी मनात म्हणत होतो, नको रे बाळा, नको. पण कोयत्याला तोंड कुठं असतं!

तेवढ्यात गर्दी फाकली. ललिता आली होती. धापा टाकत होती. साडीवर सत्यजीतचाच दहावीचा शाळेचा शर्ट होता. रुद्रनं तोंड उघडलं होतं, पोरगं गुणाचं. ती ओरडली नाही. थोबाडीतही मारली नाही. मोबाइलकडे पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली.

"सत्या, लाईट गेलीया. मशीन बंद हाय. गुरं उपाशी हायेत. कोयता पाहिजे."

"काकू, पाच मिनिटं," म्हस्कू म्हणाला. "केक कापला की देतो."

"काप की. खोक्यात प्लॅस्टिकची सुरी असती बघ," ललिता म्हणाली. दोघं-तिघं फिसकन हसले. म्हस्कूचं तोंड काळं पडलं.

ती वाकून मला उचलेल असं मला वाटलं. तिनं उचललं नाही.

"तुझ्या पाचवीला ह्योच उशाला व्हता," ती लेकाला हळू म्हणाली. "मूठ माझ्या मापाची हाय. पर तुझा हात आता माझ्याहून मोठा झालाय, मला वढून न्यायचं बळ न्हाई. तूच ठेवलास, तूच उचल. कुठं न्यायचा, तुझं तू बघ."

आणि ती वळून चालू लागली. मागं बघितलं नाही. तिच्या पाठीकडे बघत मी धुळीत पडून होतो. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर जन्म वाटला.

मग सत्यजीतनं मला उचललं. त्याची बोटं मुठीवर मावेनात. "च्यायला, आईचं बाळ!" मागून आवाज आला. त्याचा हात आवळला, मी हादरलो. पण तो वळला नाही. पातं जमिनीकडे करून तो आईच्या मागून चालत राहिला.

गोठ्याच्या दारात तो थबकला. आत दिवा चालू होता. लाईट गेलेलीच नव्हती.

सत्यजीतनं दिव्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. ललितानं वाढ्याची पेंढी ओंडक्याजवळ सरकवली. तो खाली बसला आणि मशीन शेजारी असताना त्यानं सगळं वाढं माझ्याच पात्यानं तोडलं. बोटांना फोड आले तरी थांबला नाही. ललिता पेंढ्या पुढं करत होती. अर्ध्यात तोच म्हणाला, "आई, उद्या पळायला लवकर उठव." आणि त्या माउलीनं मघापासून दाबून धरलेला हुंदका तेव्हा सोडला.

मित्रांनो, मला महिन्यातून एकदा तेलाचा हात लावा, पावसात टाकू नका, एवढंच मागणं होतं माझं. आता आणखी एक मागतो. आईनं कधी लाईट गेली म्हटलं आणि तुम्हाला दिवा दिसला, तर तिला खोटं पाडू नका. खाली बसा आणि वाढं तोडायला लागा.