आता दुखत नाही

शीतगृहाच्या फोरमनला थंडीचं कौतुक नव्हतं. गोठवलेल्या मटाराच्या आणि मासळीच्या खोक्यांत त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि पदरमोड करून माणसं बर्फ बघायला डोंगरावर का जातात, हे कोडं त्याला कधी सुटलं नव्हतं. तरीही या हिवाळ्यात तो बायकोला आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन डोंगरावर आला होता. एक गोष्ट ठरायची होती आणि ती घरात काही ठरत नव्हती.

बायको न्यायालयात लघुलेखिका होती. बढती घेऊन ती दूरच्या शहरात जाणार होती, आणि तो जाणार नव्हता. यात भांडण नव्हतं. भांडायलाही दोघांत काहीतरी शिल्लक असावं लागतं. प्रश्न उरला होता मुलीचा. घास गिळायच्या आधी दोन्ही गालांत साठवून ठेवायच्या सवयीमुळे तिला सगळे खारू म्हणत. खारू कुणाजवळ राहणार? बायको दिवसभर लोकांच्या साक्षी टिपून घ्यायची. त्यामुळे की काय, स्वतःचं मत चटकन देत नसे. "एकदा डोंगरावर जाऊन येऊ," एवढंच ती म्हणाली होती. "तिथे बघू." काय बघणार, हे फोरमनला न सांगता कळलं होतं: एकट्याने पोर सांभाळणं त्याला जमतं का.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पांघरुणातून बाहेर आलीच नाही. खोलीत ओल्या लोकरीचा वास होता आणि खिडकीची काच आतून दमटली होती.

"आज तुम्ही दोघंच जा," ती म्हणाली. "जेवायच्या वेळेला मी येते तिकडे."

"बरं वाटत नाही का?"

"तसं काही नाही. जा तुम्ही."

फोरमनने मनात म्हटलं, म्हणजे आजच.

त्याने खारूला खुर्चीवर उभं केलं आणि नव्या मजुराला पहिल्यांदा गोदामात सोडताना करायचा तसा तिचा साज केला. सदऱ्यावर सदरा, त्यावर शीतगृहाच्या शिंप्याकडून बेतून आणलेला जाड कोट. हातांत कापडी अस्तराचे चामडी हातमोजे. त्यांची तोंडं बाहीच्या वर ओढून त्याने मनगटाशी दोरीने घट्ट आवळली. खोक्यांच्या पट्ट्यांत बाही अडकू नये म्हणून तिथे असंच बांधतात.

"नियम काय?" त्याने विचारलं.

"आत असताना हातमोजे काढायचे नाहीत."

"का?"

"बोटं लोखंडाला चिकटतात."

"शाब्बास."

डोंगरावर लोखंड नव्हतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

खाली ओसरीतलं बर्फ फावड्याने लोटत उभ्या असलेल्या विश्रामगृहाच्या मालकीणबाईंनी खारूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोरीला फिरायला नेताय की टपालाने पाठवताय? नुसता पत्ता लिहायचा राहिलाय."

"थंडीशी माझी जुनी ओळख आहे, बाई."

"असेल हो. पण ही आमच्याकडची आहे, तिला तुमची ओळख नाही," म्हणत त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि त्या आत गेल्या. फोरमन हसला. गिऱ्हाइकाला दोन शब्द ऐकवल्याशिवाय अशा बायकांना चहा पचत नसावा, असं त्याला वाटलं.

उतारावर फारशी माणसं नव्हती. आभाळ खाली आलं होतं, आणि बर्फ जिथे संपायचं आणि ढग जिथे सुरू व्हायचे, ती रेघ पुसली गेली होती. खारू थोडा वेळ घसरली, पडली, उठली. मग तिने विचारलं, "आता काय करायचं?" आणि फोरमन गोंधळला. मुलीबरोबर काय करायचं असतं? रविवार सोडले तर ती त्याला झोपलेलीच दिसायची. थोडा विचार करून तो म्हणाला, "थप्पी लावू या."

ते मात्र त्याला येत होतं. त्याने बर्फाचे चौकोनी ठोकळे थापून दाखवले. खालच्या दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर वरचा एक, म्हणजे थप्पी हलत नाही. खारूला ते चटकन समजलं. ती कोपरापर्यंत हात बर्फात खुपसून ढेकळं उपसायची, तो त्यांना आकार द्यायचा. भिंत तिच्या गुडघ्यापर्यंत आली, मग कमरेपर्यंत. "अगं, तू तर मुकादम होशील," तो म्हणाला, आणि ती गाल फुगवून हसली. आपण इतके मजेत आहोत, याचं त्यालाच नवल वाटलं. बायको येईल तेव्हा भिंत पोरीच्या डोक्याएवढी झालेली असावी, आणि तिने दुरूनच ती पाहावी, असं त्याला फार फार वाटू लागलं.

"बाबा, हात दुखतात."

"दुखणारच. काम केलं की दुखतात. नियम काय?"

"काढायचे नाहीत."

"एवढा थर लावू, मग शेकायला जाऊ."

ती मान हलवून पुन्हा कामाला लागली. तो थर झाला, त्यावर आणखी एक झाला. तिच्या हातून ढेकळं निसटू लागली. "हाताला लोणी लावून आलीस का?" तो म्हणाला. या वेळी ती हसली नाही. दोन्ही मनगटं जुळवून, चिमट्यात धरावं तसं ढेकूळ उचलू लागली.

जरा वेळाने ती आपण होऊन म्हणाली, "बाबा, आता दुखत नाही."

"बघ. म्हटलं नव्हतं?"

गोदामात कुणी मजूर असं म्हणाला असता, तर फोरमनने त्याच्या दंडाला धरून त्याला तडक दाराबाहेर काढलं असतं. दुखायचं थांबणं म्हणजे बोटं गोठू लागणं, हे त्यानेच कितीकांना बजावलं होतं. पण ते वाक्य त्याने फोरमनच्या कानांनी ऐकलं नाही. त्याला ते हवं होतं, म्हणून त्याने ते तसंच पदरात घेतलं, आणि पुढचा ठोकळा थापला.

बायको ठरल्यापेक्षा लवकर आली. भिंतीकडे तिने पाहिलंही नाही. खारूचे हात तिने आपल्या हातांत घेतले, हातमोजे दाबले, आणि त्यांतून पाणी निथळलं. दोरीची गाठ भिजून फुगली होती; ती सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी तोडली. आतली बोटं मेणासारखी पांढरी होती.

गावातला दवाखाना दोन खोल्यांचा होता. डॉक्टरीणबाईंनी कोमट पाण्याच्या भांड्यात खारूचे हात बुडवले आणि सांगितलं, "आता चांगलंच दुखेल. दुखू दे." थोड्याच वेळात बोटांवर लाल डाग उमटू लागले. खारूचा चेहरा आक्रसला, ओठ दाताखाली गेला. ती आईच्या मांडीवर बसली होती, पण तिने पाहिलं ते समोर उभ्या असलेल्या बापाकडे.

"बाबा, रडू का?"

डॉक्टरीणबाईंचा हात क्षणभर थांबला. फोरमन म्हणाला, "रड, बाळा. रड ना." पण तिला रडू येईना. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो तसाच बाहेर आला.

काही वेळाने बायको येऊन त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"बोटं वाचतील म्हणतात. दोन बोटांची कातडी जाईल. पुढे थंडीत ती दुखत राहतील, कदाचित कायमची."

त्याने मान हलवली. तिने दोष दिला असता तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मी काल ठरवलं होतं. तुमच्याजवळ ठेवायची. तुमचं ऐकते ती. माझं काही ऐकत नाही."

"तुझ्याशी भांडते?"

"रोज. वेणी घालताना तर घर डोक्यावर घेते."

"माझ्याशी कधी नाही भांडली." मग तो एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलू लागला. "इतकी वर्षं माणसं माझ्या हाताखाली आहेत. एकानेही कधी तक्रार केली नाही. चारचौघांत मी ते मिरवत आलो. ती सुखी आहेत, असंच धरून चाललो. एकदाही कुणाला विचारलं नाही."

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं.

"तिला तू घेऊन जा."

"असं आज नका ठरवू. आज तुम्ही घाबरलेले आहात."

"घाबरलोय म्हणूनच सांगतोय. उद्या मला पुन्हा धीर येईल. मग मी तुला पटवून देईन, की चूक हातमोज्यांची होती."

ती काही बोलणार होती, एवढ्यात आतून खारू ओरडली. शब्द कळला नाही. कुणीतरी बोटाला हात लावला असावा. आवाज संतापलेला होता, आणि त्यामागोमाग रडणं फुटलं. दोघंही एकदमच उठली. फोरमन दोन पावलं पुढे झाला, दाराच्या कडीपर्यंत पोचला. मग त्याने दार ढकलून धरलं आणि बायकोला वाट करून दिली.

ती आत गेली. त्याने दार ओढून घेतलं आणि तो बाहेरच उभा राहिला.