मणी कुठून निघाला

"सुरू कर ना, यास्ना. किती ताटकळत ठेवशील?"

काडीच्या टोकावरचा पांढरा मणी काळ्या कापडाच्या डाव्या कडेवरून निघून केव्हाच निम्मी वाट चालून आला होता. समोर डॉक्टर ओर्तेन्सिया हनुवटी लाकडी टेकूवर ठेवून, नजर मधल्या ठिपक्यावर रोवून बसल्या होत्या. काडी यास्नाच्या हातात होती. मणी ठिपका ओलांडून उजवीकडे सरकला तेव्हा बाई बोलल्या, "हां, आला. मधूनच सुरू केलंस? असं शिकवलंय मी तुला?"

"चुकलं, प्रोफे," यास्ना म्हणाली. प्रोफेसरचं 'प्रोफे' करून सगळे शिष्य बाईंना हाक मारत.

"स्वतःची प्रयोगशाळा चालवतेस म्हणे. उंदरांचं काही खरं नाही."

चिलीतल्या वालपाराइसोच्या त्या टेकडीवर डोळा आणि मेंदू शिकायला आलेल्या प्रत्येकाला बाईंनी पहिल्या दिवशी एक डोळा झाकून याच खुर्चीत बसवलं होतं. सगळ्यांच्या नजरेत जन्मजात एक भोक असतं. मेंदू त्याला असं बेमालूम ठिगळ लावतो की माणसाला पत्ता लागत नाही. मणी जिथं गडप होई तिथं बाई खडूनं खूण करत आणि पोरं त्यावर रंगीत दोरा भरून नाव घालत. "आधी आपलं भोक ओळखा, मग उंदराच्या डोळ्यात डोकवा," त्या म्हणत. नियम एकच होता, मणी धरणाऱ्यानं खोटं बोलायचं नाही. त्या कापडावर बाईंची स्वतःची खूण तेवढी नव्हती. आज संध्याकाळी त्यांचा सत्कार होता, आणि ती खूण शेवटची भरून कापड त्यांनाच द्यायचं, असं शिष्यांनी ठरवलं होतं.

शंकेची पाल सकाळीच चुकचुकली होती. बाईंनी बशीतली उजवीकडची एम्पानादा, ती सारण भरलेली करंजी, खाल्ली आणि "एकच ठेवलीत? कंजूष कार्ट्यांनो," म्हणून हसल्या. दुसरी डावीकडे तशीच निवत पडली होती. दारातून येताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला, तर त्यांनी चौकटीलाच शिव्या घातल्या. तेव्हा यास्नाही हसली होती. आता तिला त्या हसण्याची लाज वाटली.

तिनं बाहेर येऊन मेंदूच्या डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला आणि बाईंना डावीकडचं काहीच दिसत नसल्याचं सांगितलं.

"आत्ताच्या आत्ता घेऊन ये," मैत्रीण म्हणाली.

"संध्याकाळी सत्कार आहे गं. उद्या सकाळी आणते."

"आज अर्धं गेलंय. उद्या काय उरेल, ते मी सांगू शकत नाही. सत्कार कुणाचा करणार आहेस मग?"

समुद्रावरून धुकं चढत होतं. खालचं बंदर दिसेनासं झालं होतं, नुसते भोंगे ऐकू येत होते. यास्नाला भीती वाटत होती, आणि त्याहून मोठा मोह होता. आयुष्यभर या बाईंनी दुसऱ्यांची नावं पुढं केली, एक संध्याकाळ तरी त्यांची असावी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावून ती सभागृहात गेली आणि सगळ्यांना मंचावरून बाईंच्या उजवीकडे येणाऱ्या खुर्च्यांवर बसवू लागली.

"एका अंगाला बुडेल की हे जहाज," निबाल्दो म्हणाला. तो तिच्याच वर्गातला.

"बस म्हटलं ना."

तिचा चेहरा पाहून तो जाऊन बसला.

बाई टाळ्यांच्या गजरात मंचावर आल्या. मागं ते काळं कापड टांगलं होतं. त्यांनी भाषणाचा कागद उचलला, दोन ओळी वाचल्या आणि थबकल्या. वाक्यांना सुरुवातच नव्हती. त्यांनी कागद हळूच उजवीकडे सरकवला, परत डावीकडे नेला, पुन्हा उजवीकडे आणला. उंदरांवर प्रयोग करायच्या, तितक्याच शांतपणे. मग त्यांनी मान पार डावीकडे वळवली आणि रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"यास्ना, तू मधून सुरू केलं नव्हतंस."

यास्ना उभी राहिली. "नाही, प्रोफे."

"मणी कुठून निघाला होता?"

"डाव्या कडेवरून."

"आणि ह्यांना एका बाजूला कुणी बसवलं?"

"मीच."

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," बाई म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांना विचारत आले, मान वळवून बघितलंत का म्हणून. खडू घे. खूण राहिलीय माझी."

"प्रोफे, आधी दवाखान्यात जाऊ. सकाळीच न्यायला हवं होतं मी तुम्हाला."

"जाऊ. आधी खूण."

यास्ना मंचावर चढली. कापडाच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, तिनं एक सरळ रेघ ओढली. रेघेच्या डावीकडचा सगळा भाग बाईंचा होता. इतरांच्या खुणा बोराएवढ्या होत्या. खाली नाव लिहिताना तिच्या हातातला खडू मोडला.

मग ती बाईंच्या उजवीकडे, त्यांना दिसेल अशी उभी राहायला निघाली. पण मंचावरून उतरायच्या पायऱ्या डावीकडे होत्या. ती वळून त्या बाजूला गेली आणि तिनं त्यांचा दंड धरला.

बाईंनी मान वळवली नाही. "डावीकडे आहेस ना?"

"हो."

"तिथंच राहा," त्या म्हणाल्या आणि पहिल्या पायरीसाठी पाय पुढं टाकला.