गुलाबी न होणारी नळी

१९९९च्या मार्चमध्ये, सांगलीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, श्रद्धाने दोन नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. दोन्ही नितळच होत्या. एकीत तिचं औषध होतं, दुसरीत नव्हतं. दुसरी गुलाबी व्हायला हवी होती. सहा महिने ती होत नव्हती.

पेशीच्या आत ज्या बारीक चुली जळतात, त्या तंतुकणिका आपल्याच ठिणग्यांनी करपतात. किती करपल्या ते गुलाबी रंग सांगतो. श्रद्धाने ई-जीवनसत्त्वाला अशी शेपटी जोडली होती की ते थेट त्या चुलींपाशी जाऊन बसावं. पण औषधाविनाही काही करपत नसेल, तर औषधाने वाचवलं कुणाला?

"मेअखेर प्रबंधाची मुदत संपते," तिचे मार्गदर्शक गोपाळकृष्ण सर म्हणाले. "असल्या निकालांवर मला सही करता येणार नाही."

ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तंतुकणिका काढायला लागणारी कलेजी रोज धोंडुबाईंच्या मटणाच्या दुकानातून येई. साताऱ्याच्या घरात अंडंही न शिवलेली श्रद्धा सकाळी सात वाजता बर्फाचा थर्मास दुकानाच्या फळीवर ठेवी, कोपऱ्यावर जाऊन थांबे, आणि भरला की उचलून नेई. सरांच्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी, कलेजीतच काही खोट आहे का ते पाहायला, ती पहिल्यांदाच आत गेली.

"आज आत आलीस व्हय?" धोंडुबाई हसल्या. "रोज पावशेर खाऊन बी तुझ्या अंगाला लागंना. रक्त कमी हाय का गं?"

"मी खात नाही, आजी. प्रयोगाला लागते."

"माझ्या मालाचा प्रयोग?" बोलता बोलता त्यांनी ताजी कलेजी पातेल्यातल्या पिवळ्या पाण्यात बुडवली.

"हे काय?"

"हळद. बिनलग्नाच्या पोरीच्या हातात कोरं मटण द्यायचं न्हाई. वाटंनं काय बी मागं लागतं."

"रोज घालता?"

"न्हाईतर? बाकीच्यांना चिमूट, तुला मूठ. एकटी ऱ्हातीस."

धुताना उतरणारा पिवळेपणा श्रद्धा पित्ताचा समजत आली होती. हळदही करपणं थांबवते; म्हणजे औषधाविनाच्या नळीतही रोज एक औषध होतंच.

"आजी, मला कोरीच पाहिजे. नाहीतर माझं शिक्षण बुडेल."

धोंडुबाईंनी सुरी पुसून ठेवली. मग दुसरी कलेजी तशीच थर्मासात टाकली, आणि हळदीचं ओलं बोट श्रद्धाच्या कपाळावर टेकवलं.

"मग हितं असू दे. पुसायचं न्हाई."

त्या दुपारी दुसरी नळी गुलाबी झाली. औषधाची नितळच राहिली. सरांनी दोन्ही पाहिल्या, मग श्रद्धाच्या कपाळाकडे पाहिलं.

सर निवृत्त होऊन वाईला गेले. ते औषध दुकानात कधी आलं नाही. श्रद्धाला पदवी मिळाली. प्रबंधाच्या आभारात धोंडुबाईंचं नाव आहे. त्यांनी ते पान उलटं धरून मन लावून पाहिलं होतं. पुढे सात वर्षांनी त्या गेल्या. दुकान आता त्यांची सून रेश्मा चालवते.

श्रद्धा साताऱ्यात शिकवते. मांस अजून खात नाही. सांगलीला आली की मात्र त्या दुकानात आत जाते, घेत काहीच नाही, नुसती फळीपाशी उभी राहून कपाळ पुढे करते. रेश्माला काही सांगावं लागत नाही.