आधी बसा, मग वाजवतो

सूरकाकांना सगळे सूरकाकाच म्हणायचे, कारण बत्तीस वर्षं ते घरोघरी जाऊन पियानोचे सूर जुळवत आले होते. कितीही बिघडलेला पियानो असो, दोन तासांत तो सरळ व्हायचा. बायको मात्र इतक्या वर्षांत सरळ झाली नाही, असं ते म्हणायचे. त्यावर काकू म्हणायच्या, त्याला आधी कान असावा लागतो.

काकूंनी हे उत्तर गेल्या वर्षापासून बंद केलं होतं, कारण काकांच्या कानांनी खरंच दगा दिला होता. अगदी वरच्या पट्ट्यांचा बारीक सूर त्यांना ऐकू येईना, त्यामुळे सूर जुळवायचं काम सुटलं. काका वरवर हसत, पण आतून पार खचले होते. तेवढ्यात कळलं, की मोठ्या हॉटेलच्या चहाच्या दालनात दुपारी रॅगटाइम वाजवायला माणूस हवा आहे. काकांच्या जिवात जीव आला.

रॅगटाइम म्हणजे पियानोवरचं जुनं अमेरिकन संगीत: डावा हात गुमान आपल्या रस्त्यानं चालतो आणि उजवा त्याच्या खोड्या काढतो. थोडक्यात, संसार. पियानो जुळवून झाला की तो नीट बोलतो का, हे बघायला काका प्रत्येक घरात अशीच एक रचना वाजवत. त्यामुळे ती त्यांच्या बोटांवर होती.

"अहो, मागे कुत्रं लागलंय का?" काकूंनी विचारलं. काका घरी सराव करत होते आणि पियानोशेजारी उभ्या राहून त्या त्यांच्या शर्टाला इस्त्री करत होत्या. शनिवारी हॉटेलात परीक्षा होती.

"रॅगटाइम असंच असतं."

"कागदावर तर 'सावकाश' छापलंय."

"ते नवशिक्यांसाठी."

"बरं बाई. मुरलेल्या माणसाला आपण काय सांगणार."

काकांनी लय मोजणारा मेट्रोनोम काढला. शंभरावर लावला, मग ऐंशीवर. पण दुसऱ्या पानापर्यंत बोटं लंबकाला मागे टाकून पुढे निघून जायची. यंत्रच मागे पडतंय, असा त्यांनी निर्वाळा दिला. काकूंनी हातातली इस्त्री आदळली नाही, हे त्यांचे उपकार.

शनिवारी चार वाजता मॅनेजर हातातल्या घड्याळावर नजर ठेवून खांबाशी उभा राहिला. काकू पर्स छातीशी धरून दाराशी उभ्या राहिल्या. "समोर बसू नकोस, मला घाम फुटतो," अशी त्यांना घरूनच ताकीद होती. काकांनी सुरुवात केली आणि घोडं उधळलं. वेटर किटली घेऊन जागच्या जागी थबकला. खिडकीजवळच्या दोन बायकांनी गरम चहा तसाच घशाखाली ढकलला आणि कोट उचलले. बिचाऱ्यांना वाटलं, दालन बंद होतंय.

"वाजवता चांगलं," मॅनेजर म्हणाला, "पण माझं गिऱ्हाईक पळतंय. अजून एकदा ऐकतो. नाही जमलं, तर दुसरा माणूस बघावा लागेल."

काकांनी सवयीनं दाराकडे पाहिलं. काकू उभ्या, हातात पर्स. बत्तीस वर्षं त्यांनी हेच तर पाहिलं होतं. घरची बाई दाराशी उभी, हातात पर्स, एक डोळा शेगडीवरच्या दुधाकडे, आणि चेहऱ्यावर 'झालं का हो?' ती उभी आहे तोवर उरकायचं आणि निघायचं. बसलेल्या माणसासाठी काकांनी उभ्या आयुष्यात कधी वाजवलंच नव्हतं.

"अगं, बस," ते काकूंना म्हणाले.

"आता घाम नाही फुटणार?"

"फुटू दे. बस." मग ते मॅनेजरकडे वळले. "साहेब, तुम्हीपण बसा. कोणी उभं असलं, की माझे हात निघायच्या तयारीला लागतात."

अकरा वर्षांत मॅनेजर त्या दालनात खुर्चीला टेकला नव्हता. तो अवघडून बसला. वेटरनं त्याच्याहीपुढे कप भरून ठेवला. काका हात मांडीवर ठेवून थांबले. काकूंनी चहात साखर घातली आणि सावकाश ढवळली, मुद्दाम जरा जास्तच सावकाश. चमचा बशीत ठेवल्यावर काकांनी पट्ट्यांवर हात ठेवले.

या खेपेला डावा हात फुंकर मारत चहा प्यायच्या बेतानं चालला. उजव्या हाताच्या खोड्या एकेक करून ऐकू येऊ लागल्या. इतकी वर्षं घाईत त्या कुणालाच कळल्या नव्हत्या, काकांनाही नाही. खिडकीजवळच्या एका बाईनं कोटाची एक बाही चढवली होती, ती तशीच खाली बसली. वेटर टेबलांमधून डुलत निघाला. काकांना इतका आनंद झाला, की समोरचा कागद धूसर दिसायला लागला.

वाजवून झालं तरी मॅनेजर उठला नाही.

"सोमवारपासून या," तो म्हणाला, "आणि आत्ता ते पुन्हा वाजवा. माझा चहा संपायचाय."

परतीच्या वाटेवर काकू दोन पावलं पुढे चालत होत्या. ते काही बरं लक्षण नव्हतं. शेवटी काकांनीच विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं. घरीपण वाजवाल का असं?"

"घरी तर रोजच वाजवतो."

"हो. आणि मी रोज उभी असते."

घरी पोचल्यावर काकांनी इस्त्रीचं टेबल मिटून भिंतीला लावलं आणि त्या जागी खुर्ची आणून ठेवली.